काळ्या मातीतील गाडवाटेसाठी: 2013 ची फोर-बाय-फोर स्कॉर्पिओ की 2015 ची ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर?

रावेर तालुक्यातील एका तरुण केळी बागायतदाराने दोन जुन्या गाड्यांची माहिती पाठवून त्यांपैकी कोणती घ्यावी, असे मला विचारले आहे. पहिली गाडी मार्च 2013 मध्ये नोंदवलेली, सुरत पासिंगची महिंद्रा स्कॉर्पिओ व्हीएलएक्स फोर-बाय-फोर आहे. तिला 2.2 लिटरचे एम-हॉक डिझेल इंजिन असून रनिंग 1,38,000 किलोमीटर आणि मागणी 4,80,000 रुपये आहे. दुसरी नोव्हेंबर 2015 ची, जळगाव पासिंगची रेनो डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे. तिचे 1.5 लिटरचे डिझेल इंजिन 110 अश्वशक्तीचे, रनिंग 92,000 आणि मागणी 4,30,000 रुपये. शेत डांबरी रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत आहे, गाडवाट संपूर्ण काळ्या मातीची आहे आणि ट्रॅक्टरच्या ये-जा करण्याने तिला खोल चाकोऱ्या पडलेल्या आहेत. महिन्यातून एकदा वडिलांना तपासणीसाठी नाशिकला न्यावे लागते, अधूनमधून सुरतला बहिणीकडे जाणे होते, आणि वर्षाचे एकूण रनिंग 13,000 किलोमीटरच्या आसपास भरते. प्रश्नाच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की, ‘दोन्ही गाड्यांची चारही चाके ओढतात, मग फरक फक्त इंजिनाचाच उरतो ना?’

भुसावळला माझे गॅरेज सुरू होऊन सत्तावीस वर्षे झाली आणि या शेवटच्या वाक्यामुळेच मी सविस्तर उत्तर लिहायला बसलो आहे. फरक फक्त इंजिनाचा नाही. ‘चारही चाके ओढतात’ हे वाक्य या दोन गाड्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या अर्थांनी खरे आहे, आणि तुमच्या गाडवाटेवर जुलै महिन्यात नेमका तोच फरक समोर येणार आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो: स्कॉर्पिओची फोर-बाय-फोर यंत्रणा पूर्णपणे चालू असेल, तर तुमच्या शेतासाठी ती गाडी योग्य आहे, ती यंत्रणा बंद किंवा अर्धवट असेल, तर मात्र ती गाडी अजिबात घेऊ नका आणि डस्टरकडे वळा. आता याची कारणे.

स्कॉर्पिओ मुळात मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे ट्रान्सफर केस म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणारी पेटी, आणि तिथून एक प्रोपेलर शाफ्ट (ओढ नेणारी फिरती दांडी) मागे, एक पुढे. डॅशबोर्डवरील बटण टू-हाय वर असते तेव्हा पुढचा शाफ्ट ओढत नाही. फोर-हाय वर फिरवले की ट्रान्सफर केसमधील मोटर पुढचा शाफ्ट मागच्याशी यांत्रिक पद्धतीने पक्का जोडते. या जोडणीत मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा शाफ्ट सक्तीने सारख्याच वेगाने फिरतात. चिखलात हे वरदान आहे, कारण मागची चाके कितीही घसरली तरी पुढच्यांना त्यांचा वाटा मिळतोच. कोरड्या डांबरावर मात्र तेच घातक आहे. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते; तो फरक जिरायला जागा नसल्याने सगळा ताण शाफ्ट, त्याचे सांधे म्हणजे क्रॉस, आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर येतो. म्हणून स्कॉर्पिओचे फोर-हाय पावसाळी डांबरी रस्त्यावर ‘सुरक्षिततेसाठी’ लावून ठेवण्याची गोष्ट नव्हे.

तिसरी जागा फोर-लो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून ती लावायची असते. ट्रान्सफर केसमधील दुसरी गिअरजोडी लागून चाकांचा वेग जवळपास अडीचपट कमी होतो आणि ओढ तितकीच वाढते. तुमच्यासारख्या गाडवाटेवर माझ्या दृष्टीने स्कॉर्पिओची खरी किंमत इथे आहे, कारण फोर-लो मध्ये पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला जवळजवळ हात न लावता गाडी माणसाच्या चालीने चिखलातून काढता येते. क्लच घासत नाही, चाक गरगरत नाही आणि चाक गरगरले नाही तर माती खणली जात नाही.

डस्टरची रचना याच्या उलट आहे. इंजिन आडवे बसवलेले, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, आणि ओढ मुख्यतः पुढच्या चाकांची. एक शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक विद्युतचुंबकीय कपलिंग बसवलेले आहे, ज्याच्या आत क्लचप्लेटांचा गठ्ठा असतो. ऑटो वर बटण ठेवले की संगणक चाकांचे वेग पाहून ते कपलिंग गरजेप्रमाणे आवळतो किंवा सैल करतो. लॉक वर ठेवले की कमी वेगात ओढ पुढे-मागे साधारण निम्मी-निम्मी वाटली जाते. चालकाला काहीच करावे लागत नाही, आणि पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या डांबरावर किंवा तोरणमाळच्या घाटातील ओल्या वळणावर ही व्यवस्था स्कॉर्पिओपेक्षा निःसंशय चांगली आहे. शिवाय या गाडीला ईएसपी, म्हणजे घसरणारे चाक ओळखून सावरणारी संगणकीय यंत्रणा, आहे. चिखलात एक चाक अधांतरी फिरू लागले तर ईएसपी त्या चाकाला ब्रेक लावून ओढ त्याच ॲक्सलवरील दुसऱ्या चाकाकडे वळवते, आणि हे त्या वर्षाच्या स्कॉर्पिओत नाही. तिरक्या खड्ड्यात स्कॉर्पिओचे पुढचे एक आणि मागचे एक चाक एकाच वेळी हलके झाले, तर फोर-बाय-फोर असूनही ती जागच्या जागी दोन चाके फिरवत उभी राहू शकते.

पण डस्टरमध्ये फोर-लो नाही. त्याची भरपाई म्हणून सहा गिअरांपैकी पहिला खूप आखूड ठेवलेला आहे, आणि साध्या उतारा-चढावाला तो पुरतो. काळ्या मातीला तो पुरत नाही.

इथे आपल्या मातीविषयी थोडे बोलावे लागेल, कारण बाहेरच्या लोकांनी दिलेले सल्ले मुरूम किंवा वाळू डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातील तापीकाठची जमीन खोल, काळी आणि चिकणमातीचे प्रमाण भरपूर असलेली आहे. या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्याच भेगा मिटून वरचा थर लोण्यासारखा होतो. मुरमाड जमिनीत टायरच्या खाचा माती बाहेर फेकतात. काळ्या मातीत त्या पहिल्या दोन फेऱ्यांतच भरून जातात आणि टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. त्यानंतर चाक कितीही जोरात फिरवले तरी त्याला धरायला काही उरत नाही; ते फक्त खाली जाते. थोड्या वेळाने माती चाकाला वळून मडगार्डच्या आत गच्च बसते आणि चाक फिरणेच कठीण होते.

अशा जमिनीत डस्टरसारख्या गाडीचे काय होते, हे मी एकदा चोपडा तालुक्यातील शिवारात पाहिले आहे. गाडी दुसऱ्या कंपनीची होती, पण मागची चाके कपलिंगने जोडणारी याच प्रकारची होती. चालकाने अर्ध्या तासात चार-पाच वेळा जोर लावला, आणि नंतर मागची चाके फिरायचीच थांबली. डॅशबोर्डवर दिवा लागला. गाडीत बिघाड झालेला नव्हता. सतत घसरून कपलिंगमधील प्लेटा तापल्या होत्या आणि ते जळू नये म्हणून संगणकाने मागची ओढ तोडली होती. पाऊण तास गाडी उभी ठेवल्यावर मागची ओढ परत आली, पण तोवर ट्रॅक्टर येऊन पोहोचला होता. ही यंत्रणा घसरणाऱ्या रस्त्यावर क्षणभर मदत करण्यासाठी बनवलेली आहे, साडेतीन किलोमीटर चिखल तुडवण्यासाठी नव्हे, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते.

चाकोऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे. आकडे पाहिले तर डस्टरची जमिनीपासूनची उंची सुमारे 210 मिलिमीटर आणि स्कॉर्पिओची 180, म्हणजे डस्टर वरचढ दिसते. मात्र स्कॉर्पिओचा टायर 235/70 आर 16 असल्याने बाहेरून साधारण 735 मिलिमीटर भरतो आणि डस्टरचा 215/65 आर 16 साधारण 686. मोठे चाक चाकोरीच्या कडेवर चढायला सोपे जाते. शिवाय स्कॉर्पिओत सर्वांत खाली येतो तो मागच्या ॲक्सलचा लोखंडी गोळा. तो मधल्या उंचवट्यावर घासला तरी मातीच कापली जाते. डस्टरचे पोट वर असले तरी घासल्यावर इजा होते ती इंजिनाखालची ढाल, सायलेन्सर आणि मागे जाणारा शाफ्ट यांना. वेगळ्या चौकटीवर उभी असलेली गाडी आणि बॉडीलाच चौकट मानून बांधलेली गाडी यांतला हा मूलभूत फरक आहे. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडले आणि चार मजूर घेऊन रोज अशा वाटेने जायचे असेल, तर चौकटवाली गाडी कमी खिळखिळी होते.

आता इंजिन. एम-हॉक 2,179 घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, 120 अश्वशक्तीचे असून त्याचा जोर 290 न्यूटन-मीटरपर्यंत जातो. डस्टरचे इंजिन 1,461 घन सेंटिमीटरचे आहे आणि 110 अश्वशक्तीच्या आवृत्तीत त्याचा जोर 245 न्यूटन-मीटरच्या घरात आहे. कागदावर अंतर फार नाही. पण लहान इंजिनातून एवढी शक्ती काढायची तर टर्बोवर भार टाकावा लागतो, आणि ती टर्बो मिनिटाला साधारण 2,000 फेऱ्यांच्या आसपास येईपर्यंत हे इंजिन मऊ वाटते. महामार्गावर याचे काहीच वाटत नाही. उलट लळिंग किंवा राहुड घाट चढताना ते उत्तम ओढते. चिखलातून उभ्या जागेवरून निघताना मात्र पंचाईत होते, कारण फेऱ्या कमी ठेवल्या तर गाडी बंद पडते, आणि वाढवल्या तर क्लच घासतो व चाक गरगरते. मोठ्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांतही अंगची ताकद असते, आणि फोर-लो ती आणखी वाढवतो.

या दोन इंजिनांतील देखभालीचा सर्वांत मोठा फरक टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या जोडणीचा आहे. एम-हॉकमध्ये टायमिंग चेन आहे. ऑइल वेळेवर बदलले असेल तर ती बहुधा इंजिनाबरोबरच म्हातारी होते. डस्टरच्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तुमची डस्टर 2015 ची आहे, आणि बेल्ट बदलल्याची नोंद विक्रेत्याकडे नाही, असे तुम्ही लिहिले आहे. रबर किलोमीटरने जितके झिजते तितकेच वयाने आणि उष्णतेनेही झिजते, आणि आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हे गाडी बनवणाऱ्याच्या पुस्तकातील सरासरी मुदतीत धरलेले नसते. म्हणून ‘बेल्ट दिसायला चांगला आहे’ यावर विश्वास न ठेवता, डस्टर घेतलीच तर पहिल्याच आठवड्यात बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो नंतर गळू लागला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागेल.

सुट्या भागांच्या बाबतीत डस्टरविषयी लोक विनाकारण घाबरतात. तिची डिझेल आवृत्ती 2020 मध्ये बंद झाली हे खरे, पण तेच 1.5 लिटरचे इंजिन निस्सान टेरानो, मायक्रा, सनी आणि महिंद्रा व्हेरिटो यांतही होते. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, वॉटर पंप आणि इंजिनाचे बहुतेक भाग जळगावला मिळतात किंवा दोन दिवसांत मागवता येतात. अडचण आहे ती मागच्या बाजूची. कपलिंग, मागचे डिफरन्शियल, मधला शाफ्ट आणि मागचे स्वतंत्र सस्पेन्शन हे फक्त ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टरचेच आहे, आणि त्या गाड्या आपल्याकडे मुळात थोड्या विकल्या गेल्या. स्कॉर्पिओच्या बाबतीत रावेर किंवा सावद्याचा मेकॅनिकही डोळे मिटून काम करील. ट्रान्सफर केस उघडायची वेळ आली तर मात्र तिलाही अनुभवी हातच लागतो.

डिझेलचा खर्च स्कॉर्पिओच्या विरुद्ध जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आपल्या रस्त्यांवर अशा स्कॉर्पिओने लिटरला साडेदहा आणि डस्टरने साडेपंधरा किलोमीटर दिले, तर 13,000 किलोमीटरला अनुक्रमे 1,240 आणि 840 लिटर लागतील. म्हणजे वर्षाला चारशे लिटरचा फरक, लिटरला नव्वद रुपये धरले तर 36,000 रुपये. वडिलांच्या दृष्टीनेही डस्टर उजवी आहे. तिचे सस्पेन्शन खड्डे शोषते, तर स्कॉर्पिओ मागच्या प्रवाशाला डोलवते. नाशिकपर्यंतचा तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आजारी माणसाला डस्टरमध्ये निश्चितच सुखाचा होईल. शेतापेक्षा हा प्रवास तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल, पावसाळ्यात शेतावर तुम्ही मोटारसायकल किंवा ट्रॅक्टरनेच जात असाल, तर माझा सल्ला बदलेल. हा निर्णय घरात बसून वडिलांशी बोलून घ्या; तो मेकॅनिकने घेण्यासारखा नाही.

कागदपत्रांत स्कॉर्पिओची बाजू आणखी लंगडी आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे स्कॉर्पिओची मार्च 2028 मध्ये आणि डस्टरची नोव्हेंबर 2030 मध्ये संपेल. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीसाठी न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मोटारीच्या नूतनीकरणाची फी 2022 पासून 5,000 रुपये झालेली आहे. हे नूतनीकरण पाच वर्षांचे असते. शिवाय गाडी सुरतची असल्याने तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 28, हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि 30, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा एमएच-19 क्रमांक, एवढे सगळे व्हावे लागेल. आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला दिसत असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय विसाराच्या पुढे पैसे देऊ नका. डस्टर जळगावचीच असल्याने यांतली निम्मी कामे वाचतात. हे सगळे पाहता स्कॉर्पिओची 4,80,000 ही मागणी मला जास्त वाटते; कराचा अंदाज परिवहन कार्यालयातून आधी काढा आणि तेवढी रक्कम मागणीतून कमी करूनच बोलणी सुरू करा.

तपासणीकडे येतो. स्कॉर्पिओच्या मालकाने ‘फोर-बाय-फोर कधी वापरलेच नाही, अगदी नवे आहे’ असे सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. तुम्हाला ती जमेची बाजू वाटली, मला ती काळजीची वाटते. वर्षानुवर्षे न फिरलेल्या ट्रान्सफर केसमध्ये बटणाने चालणारी मोटर गंजते, सील कोरडे पडतात आणि ऑइल तर बहुधा गाडी नवी असल्यापासून कोणी बदललेले नसते. आधी गाडी रॅम्पवर घेऊन ट्रान्सफर केसखाली आणि पुढच्या डिफरन्शियलखाली ओल आहे का पाहा, पुढचा शाफ्ट हाताने हलवून त्याच्या क्रॉसमध्ये खडखड आहे का बघा, आणि ट्रान्सफर केसचे ऑइल थोडे काढून बोटांवर घ्या. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले आहे. चमकते कण असतील तर आत धातू झिजतो आहे. दोन्हींपैकी काहीही दिसले तर तिथेच थांबा.

चारही टायरांचे माप आणि झीज सारखी आहे का, हे दोन्ही गाड्यांत पाहायचे आहे, पण त्याचे महत्त्व वेगळे आहे. डस्टरमध्ये पुढचे टायर नवे आणि मागचे घासलेले असतील, तर चाकांच्या वेगात कायमचा फरक पडून संगणकाला ती घसरण वाटू शकते, आणि कपलिंग विनाकारण काम करत राहते. छायाचित्रात तुमच्या डस्टरचे पुढचे दोन टायर वेगळ्या नक्षीचे दिसत आहेत. गाडी घेतली तर चार टायरांचा खर्च धरूनच चला. स्कॉर्पिओला टू-हाय वर चालवताना असा फरक काही बिघडवत नाही, मात्र फोर-हाय मध्ये तोच फरक शाफ्टवर ताण आणतो.

ज्या गाड्या शेतात जातात, त्या कधी ना कधी ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या असतात. ओढणाऱ्याने दोर योग्य हुकाला बांधला असेल तर प्रश्न नाही, पण घाईत तो बंपरच्या पट्टीला किंवा सस्पेन्शनच्या दांडीला बांधला जातो आणि गाडी तिरकी ओढली जाते. म्हणून दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या हुकांच्या आसपास वाकलेला पत्रा, नवे वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग शोधा. स्कॉर्पिओच्या चौकटीवर असा ताजा रंग दिसला तर त्याखाली काय आहे, हे खरवडून पाहण्याचा हक्क खरेदीदाराला आहे.

इंजिनासाठी एकच आग्रह: गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंड सुरुवातीला स्कॉर्पिओच्या पुढच्या बाजूने चेनची खडखड दोन-तीन सेकंदांहून जास्त टिकली, तर चेन किंवा तिचा टेन्शनर संपत आला आहे. डस्टरमध्ये गाडी गरम झाल्यावर खालून येणारा जाड ठोका ऐका. ऑइल बदलण्यात दिरंगाई झालेल्या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग आधी जातात. दोन्हींत ऑइलचे झाकण उघडून धूर जोराने बाहेर फेकला जातो का ते पाहा. त्यानंतर एसी चालू ठेवून गाडी दुपारी एक वाजता अर्धा तास उभी चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. जिनिंगच्या आसपास फिरलेल्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ यांचा थर बसलेला असतो, आणि सकाळी आठ वाजता पाहिलेल्या गाडीत तो कधीच कळत नाही. शेवटी इंधन कुठून भरले जायचे, हे विचारा. ही दोन्ही इंजिने कॉमन रेलची, म्हणजे खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या नाजूक इंजेक्टरची आहेत. बॅरलमधील डिझेल भरून त्यात पाण्याचा अंश गेला असेल तर इंजेक्टरचे काम निघते, आणि ते काम स्वस्त नाही.

यांतले काहीही पाहण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. फोर-बाय-फोर न लागणारी स्कॉर्पिओ म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी एक जड गाडी उरते. रिकामी असताना तिचे बरेचसे वजन इंजिनामुळे पुढे असते आणि ओढणारी मागची चाके हलकी असतात. काळ्या मातीत याहून वाईट मांडणी क्वचितच सापडेल. अशा स्कॉर्पिओपेक्षा लॉक वर ठेवलेली डस्टर तुम्हाला निश्चित पुढे नेईल. मालक म्हणेल की दोन-चार हजारांत दुरुस्त होईल. तसे असेल तर त्याने ती आधी दुरुस्त करून द्यावी, मग बोलणी पुढे न्यावीत.

कोणतीही गाडी घेतली तरी टायर बदलायची वेळ येईल तेव्हा मोठ्या खाचांचे ऑल-टेरेन टायर घ्या, बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा, आणि गाडवाटेला लागण्याआधी हवा 32 वरून 20 च्या आसपास आणा. टायर पसरून जमिनीवर जास्त टेकतो आणि वाकताना खाचांतील माती थोडीफार सुटते. डांबराला लागताच हवा पुन्हा भरणे विसरू नका. कमी हवेवर वेगाने चाललेला टायर कडेने तापून फुटतो. आणि मोठ्या पावसानंतर एक दिवस वाट सुकू देणे शक्य असेल तेव्हा ती सुकू द्या, मग गाडी स्कॉर्पिओ असो की डस्टर. विमा मात्र गाडी नावावर येण्याची वाट न पाहता, व्यवहार झाल्यापासून 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर बदलण्यासाठी कळवून टाका.

येत्या रविवारी स्कॉर्पिओच्या मालकाला गाडी घेऊन थेट शेतावर बोलवा. आदल्या रात्री बांधाजवळच्या मोकळ्या तुकड्यात पाटाचे पाणी सोडून ठेवा, म्हणजे सकाळी तिथे जुलै महिन्यातील गाडवाट तयार असेल. ट्रॅक्टर जवळ उभा ठेवा. फोर-लो लावताना दिवा लुकलुकत राहतो की स्थिर होतो ते पाहा. तुम्ही स्वतः गाडीत न बसता बाजूला उभे राहा, पुढची चाके माती फेकत आहेत की नुसती ढकलली जात आहेत हे बाहेरूनच दिसते. आणि त्या चिखलातून पहिली फेरी मालकालाच मारू द्या.